एनआयपीटी टेस्टचा अनुभव, जळगाव: टेस्ट चांगली, पण बाळाचा मेंदू त्यात कळत नाही

आईच्या रक्तातून बाळाची तपासणी करतात ती एनआयपीटी नावाची टेस्ट मी एप्रिलमध्ये जळगावच्या एका कलेक्शन सेंटरला केली, आणि तेव्हापासून अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव भागातल्या ओळखीच्या बऱ्याच जणी विचारताहेत की ताई करू का, किती लागले, बाळाचा मेंदू कसा वाढतोय ते पण कळतं म्हणे, खरं का? प्रत्येकीला वेगळं वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. टेस्टला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. ती ज्या पद्धतीने विकली जाते त्याला एक. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण तेच बोलणं मी नंतर दुसरीकडे पण ऐकलं, आणि मला कोणा एकाची बदनामी करायची नाही, पैसे भरण्याआधी तुम्हाला काय विचारायचं ते कळावं एवढंच पाहिजे.

मी अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवते. वय ३६, दुसरं बाळंतपण. बाराव्या आठवड्यात एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) केलं तर डाऊन सिंड्रोमची (हा जन्मापासूनचा गुणसूत्रांचा, म्हणजे क्रोमोसोमचा दोष) रिस्क १:३१० आली, म्हणजे हाय पण नाही आणि निवांत बसावं इतकी लो पण नाही, मधलीच. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या की या वयात अशी रिस्क येणं काही विशेष नाही, पण सरळ पोटात सुई घालून पाणी काढण्यापेक्षा आधी एनआयपीटी करून घ्या, दहाव्या आठवड्यानंतर कधीही होते. त्यांनी अगदी नीट समजावलं होतं की ही टेस्ट मुख्यतः तीन गोष्टी बघते, २१ नंबरचं क्रोमोसोम जास्तीचं आहे का म्हणजे डाऊन, १८ म्हणजे एडवर्ड्स आणि १३ म्हणजे पटाऊ. डाऊनसाठी ही टेस्ट खरंच तगडी आहे, असं बाळ असेल तर शंभरात नव्व्याण्णव वेळा पकडते आणि उगीचचा खोटा अलार्म हजारात एखादाच. डबल मार्कर आणि एनटी मिळून नव्वदच्या आसपास पकडतात आणि खोटे अलार्म शंभरात पाच, म्हणजे फरक केवढा आहे बघा. हे सगळं ऐकूनच मी जळगावला गेले, त्यामुळे काउंटरवर जे ऐकलं ते मला लगेच खटकलं.

रिंगरोडच्या बाजूला सेंटर आहे, स्वच्छ, एसी, बसायला जागा बरी, गरोदर बाईला उभं ठेवत नाहीत हे आवडलं. काउंटरवरच्या मुलाने एक लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे केलं, त्यावर पोटातल्या बाळाचं चित्र आणि डोक्यात निळा पिवळा चमकणारा मेंदू. म्हणाला, मॅडम बेसिक साडेसतरा हजार, त्यावर सहा हजार टाकले की अ‍ॅडव्हान्स पॅकेज, त्यात बाळाच्या ब्रेन डेव्हलपमेंटचं पण सगळं कळतं. मी विचारलं ब्रेन डेव्हलपमेंटचं म्हणजे नेमकं काय कळतं? तर म्हणे मेंदू नॉर्मल वाढतोय का, पुढे आयक्यू वगैरे. शेजारी एक चोपड्याकडची मुलगी बसली होती, चोवीस पंचवीसची असेल, सोबत तिची आई, ती मुलगी लगेच आईला म्हणाली की मग आपण तेच मोठं घेऊ, बाळाच्या डोक्याचं आहे. त्या माऊलीने पदराच्या गाठीतून पैसे सोडायला घेतले. तिथे मला राहवलं नाही. मी त्या मुलाला म्हटलं, भाऊ, अ‍ॅडव्हान्सचा एक नमुना रिपोर्ट दाखवा, आत्ता, या ताईंसमोर.

त्याने दाखवला, ते बरं केलं. त्यात काय होतं, तर पाच मायक्रोडिलिशन, म्हणजे क्रोमोसोमचा एखादा बारीक तुकडा गळालाय का ते: २२क्यू११, १पी३६, एंजलमन, प्रेडर-विली, क्री-दू-शा. या आजारांत मुलाच्या शिकण्यावर, बोलण्यावर परिणाम होतो हे खरं, पण हे आजार फार दुर्मिळ आहेत, त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा २२क्यू११ सुद्धा साधारण चार हजारात एका बाळाला असतो, आणि आजार जितका दुर्मिळ तितका पॉझिटिव्ह रिपोर्ट खोटा निघण्याचा चान्स जास्त. बाकी लाखो मुलांच्या मेंदूची वाढ मागे का पडते त्याचा या पाच तुकड्यांशी संबंध नसतो. पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच की ही स्क्रीनिंग टेस्ट आहे, निदान नाही. आयक्यूचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. त्या मायलेकींना मी मराठीत वाचून दाखवलं, तुमच्या डॉक्टरला फोन लावा आणि त्यांनी लिहिलंय तेवढंच करा असं सांगितलं, आणि त्यांनी बेसिकच केली.

आता हे आईच्या रक्तात बाळाचं येतं तरी कसं, ते सांगते, कारण ते एकदा समजलं की कोण काय विकतंय ते आपोआप समजतं. १९९७ साली डेनिस लो नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या टीमने लॅन्सेट या मासिकात छापलं की गरोदर बाईच्या रक्तातल्या पातळ भागात, प्लाझ्मात, बाळाच्या डीएनएचे मोकळे तुकडे फिरत असतात. त्याआधी सगळे रक्तातल्या बाळाच्या अख्ख्या पेशी शोधत बसले होते, त्या इतक्या कमी असतात की हाती लागत नाहीत. लो पुढे हाँगकाँगला गेले, तिथे यावरच काम करत राहिले, आणि २०११ पासून ही टेस्ट बाजारात आली. २०२२ ला त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. दहा ते वीस आठवड्यांत आईच्या प्लाझ्मातल्या मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहा टक्के बाळाकडचा असतो, बाकी आईचाच, आणि बाळंतपण झालं की हा डीएनए दर पंधरा सोळा मिनिटांना निम्मा निम्मा होत काही तासांत जवळपास नाहीसा होतो, म्हणून पहिल्या बाळाचं काही दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये शिल्लक राहत नाही. हे मला माझ्या सासूबाईंना खास सांगावं लागलं, त्यांना तीच काळजी होती.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा जो दहा टक्के आहे तो खरं तर वारेतून येतो, प्लॅसेंटातून. बाळाच्या मेंदूतून नाही, हृदयातून नाही. वार आणि बाळ एकाच बीजापासून बनतात म्हणून बहुतेक वेळा दोघांचे क्रोमोसोम सारखेच निघतात, पण कधी कधी दोष फक्त वारेत असतो आणि बाळ एकदम ठीक असतं, म्हणूनच हाय रिस्क आलं तरी पोटात सुई घालून पाणी काढायची ती टेस्ट, म्हणजे अ‍ॅम्निओ करून खात्री केल्याशिवाय कोणताही निर्णय घ्यायचा नसतो. आणि दुसरं, डीएनए शरीरात सगळीकडे तोच असतो. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर वाण कोणतं ते छापलेलं असतं, पण जुलैत पावसाने ओढ दिली, नंतर बोंडअळी पडली, मग झाडाला बोंडं किती लागली हे पाकीट वाचून कोणी सांगू शकतं का? मेंदू किती वाढला, कसा वाढला हा त्या शेतातला प्रश्न आहे, त्याचं उत्तर एनआयपीटीत नाही, बेसिकमध्ये नाही आणि सहा हजार जास्त भरून पण नाही.

मग हे ब्रेन डेव्हलपमेंटचं आलं कुठून? हवेतून नाही आलं, आणि यातला रिसर्च खरंच सुंदर आहे, मला वाचताना अंगावर काटा आला. पेशीत जे जीन (डीएनएवरची एकेक सूचना) चालू असतं त्याची नक्कल म्हणजे आरएनए तयार होतो, म्हणजे आरएनए बघितला तर कोणत्या अवयवात आत्ता काय चाललंय ते कळू शकतं, आणि या आरएनएचे पण मोकळे तुकडे आईच्या रक्तात येतात. अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन क्वेक यांच्या लॅबने २०१४ मध्ये दाखवलं की गरोदर बाईच्या रक्तात जे आरएनए सापडतात त्यात बाळाच्या मेंदूत आणि यकृतात चालणाऱ्या जीन्सचे पण असतात. त्याच लॅबने २०१८ ला सायन्स मासिकात डेन्मार्कच्या ३१ बायकांचा अभ्यास छापला, त्या बायकांनी दर आठवड्याला रक्त दिलं होतं, आणि त्यातल्या नऊ जीन्सवरून बाळ किती आठवड्यांचं आहे ते सोनोग्राफीच्या तोडीस तोड सांगता आलं. अजून एक रस्ता आहे, बाळाच्या मेंदूच्या पेशी अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात, त्यांना एक्झोसोम म्हणतात, त्यातल्या काही वार ओलांडून आईच्या रक्तात येतात, त्या वेगळ्या काढून गरोदरपणात दारूचा बाळाच्या मेंदूवर काय परिणाम होतो वगैरे बघायचे प्रयत्न झालेत. म्हणजे दार किलकिलं झालंय. पण हे सगळं अजून लॅबमधलं, थोड्या बायकांवरचं काम आहे. जळगाव, धुळ्याच्या काउंटरवर पैसे भरून बाळाच्या मेंदूचा आरएनए रिपोर्ट मिळतो असं कोणी म्हणालं तर सरळ उठून या. आणि ऑटिझम होईल की नाही हे आईच्या रक्तातून सांगणारी टेस्ट पण आज नाही, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका, ज्या घरात असं लेकरू आहे त्या आईला तो वाचून काय वाटत असेल याचा विचार करा.

आता प्रत्यक्ष सर्व्हिस. रक्त घेणारी सिस्टर एकदम हुशार. उपाशीपोटी यायची गरज नाही, हे फोनवरच सांगितलं होतं, म्हणून मी घरून दादरची, म्हणजे ज्वारीची, भाकर खाऊन निघाले. या टेस्टची बाटली वेगळी असते, काचेची, मातकट रंगाच्या चितकबऱ्या बुचाची, आत आधीच एक औषध असतं. ते औषध कशासाठी, तर आईच्या पांढऱ्या पेशी वाटेत फुटू नयेत, त्या फुटल्या की आईचा डीएनए रक्तात सांडतो आणि बाळाचा वाटा आणखीन पातळ होतो. सिस्टरने दहा मिली रक्त भरलं आणि बाटली हलक्या हाताने उलटी सुलटी केली आठ दहा वेळा, जोरात हलवली नाही, आणि नाव, तारीख, आठवडे माझ्यासमोर लिहिले आणि मला वाचायला लावले. हे प्रत्येकीने वाचाच, कारण सँपल बंगळुरूला जातं, तिथे तुम्ही नाही, फक्त ती चिठ्ठी जाते.

पण इथे एक गोष्ट खटकली आणि ती आपल्या खान्देशासाठी महत्त्वाची आहे. ही बाटली ६ ते ३७ डिग्रीत ठेवायची असते, त्यात ती चौदा दिवस टिकते. फ्रीजर नको, आणि ऊन पण नको. आता एप्रिल मे मध्ये जळगाव भुसावळचं ऊन तुम्हाला मी काय सांगू, ४४, ४५ तर रोजचंच. कुरियरचा मुलगा आला आणि दुपारी दीड वाजता सगळ्या बाटल्या साध्या कापडी पिशवीत घालून मोटरसायकलला लटकवून निघाला. मी विचारलं थर्मासचा डबा कुठाय, तर म्हणाला आज दुसऱ्या रूटला गेलाय. मी अडून बसले. शेवटी मॅनेजरने थर्माकोलचा बॉक्स काढून दिला, म्हणजे बॉक्स होता, फक्त कोणी विचारत नव्हतं. आमच्या शाळेतल्या एका मॅडमचं मागच्या मे मध्ये दुसऱ्या एका ठिकाणी सँपल फेल गेलं होतं, फीटल फ्रॅक्शन, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या डीएनएमधला बाळाचा वाटा, कमी म्हणून, आणि परत रक्त द्यायला लागलं. उन्हामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, वजन जास्त असलं किंवा फार लवकर रक्त दिलं तरी बाळाचा वाटा कमी येतो, बऱ्याच लॅबना किमान चार टक्के लागतात. पण साडेसतरा हजार घेता तर बॉक्स पाहिजेच. उन्हाळ्यात जाल तर सकाळी लवकर जा, आणि कुरियर कधी आणि कशातून नेणार ते विचारूनच बाही वर करा. परत सँपल द्यायची वेळ आली तर पैसे पुन्हा घेत नाहीत ना हे पण आधीच लिहून घ्या, माझ्या सेंटरने ते बिलावर लिहून दिलं.

रिपोर्ट सांगितल्या वेळेत आला, त्याबद्दल तक्रार नाही. पीडीएफ, तिन्ही लो रिस्क, फीटल फ्रॅक्शन ९ टक्के. आमचे हे तिकडे शेतात होते, त्यांना फोन केला तर बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले घरी येतो. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "सगळं बरं शे ना?"

पण तो रिपोर्ट सगळा इंग्रजीत. चार पानं. मला वाचता आला, पण त्या चोपड्याच्या मुलीचं काय? सोबत कौन्सेलरचा फोन फुकट आहे असं सांगतात, फोन आला पण, मुलगी चांगली होती, शांतपणे बोलली, घाई केली नाही, पण हिंदी इंग्रजीच. मी मुद्दाम विचारलं की लो रिस्क म्हणजे बाळ शंभर टक्के ठीक का? ती प्रामाणिकपणे म्हणाली नाही, फक्त या तीन क्रोमोसोमची शक्यता फार कमी आहे, बाकी हृदय, मणका, मेंदू यासाठी सोनोग्राफी करावीच लागेल. बघा, कंपनीचीच कौन्सेलर हे सांगते आणि कंपनीचंच कार्ड चमकणारा मेंदू दाखवतं. काउंटरवरच्या मुलाला ही माहिती कोणी दिलीच नसेल, त्याला टार्गेट दिलं असेल. राग मला त्याचा नाही.

मग पोटातल्या बाळाचा मेंदू बघायचा कसा? त्याचं उत्तर आपल्या तालुक्याच्या गावात पण आहे, आणि स्वस्त आहे. १८ ते २० आठवड्यांतला अ‍ॅनोमली स्कॅन. मी एकोणीस आठवडे झाल्यावर केला. अंधाऱ्या खोलीत, पोटावर गार जेल, आणि स्क्रीनवर ती गोल कवटी, मधोमध पांढरी रेघ. डॉक्टर एकेक कर्सर लावून मोजत होते आणि मी विचारलं म्हणून मोठ्याने सांगत होते: मेंदूतल्या पाण्याची पोकळी, व्हेंट्रिकल, ६.४ मिलीमीटर, दहाच्या आत पाहिजे. मागचा छोटा मेंदू, सेरेबेलम, साडेएकोणीस मिलीमीटर, या काळात जितके आठवडे साधारण तितके मिलीमीटर. त्याच्या मागची जागा, सिस्टर्ना मॅग्ना, ४.८, दोन ते दहामध्ये असली की ठीक. पुढे एक छोटी चौकोनी पोकळी असते, ती दिसली पाहिजे, ती दिसली. मग मणका, वरपासून खालपर्यंत एकेक मणी. बाळाने मध्येच तोंड फिरवलं तर म्हणाले बाहेर चालून या, काही खाऊन या, यांनी गाडीतून दोन केळी आणली, ती खाऊन परत आत गेले तेव्हा कुठे राहिलेलं दिसलं. म्हणजे मेंदूची रचना बघायची तर अशी, डोळ्याने, मोजून. काही शंका आली तर पुढे गर्भाचा एमआरआय होतो, आईच्या रक्ताची बाटली नाही. आणि हा स्कॅन पण सगळं सांगत नाही, कारण वीस आठवड्यांना मेंदूचा वरचा भाग जवळपास गुळगुळीत असतो, घड्या पडायचं मोठं काम त्यानंतरच होतं, आणि पेशींची एकमेकींशी जोडणी तर बाळ जन्मल्यावर पण वर्षानुवर्षं चालू राहते.

आईच्या रक्तातूनच बाळाच्या मेंदूसाठी काही करायचं असेल तर ते पण आहे, फक्त त्याचं कोणी लॅमिनेट केलेलं कार्ड छापत नाही. पहिली, टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ताची टेस्ट. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते, आणि त्यानंतर पण काही काळ ते आईवरच अवलंबून असतं, म्हणजे ज्या दिवसांत मेंदूचा पाया पडतो त्या दिवसांत त्याला लागणारं थायरॉईड हार्मोन आईचंच. माझं सुरवातीलाच ४.६ आलं, मॅडमनी लगेच थायरॉईडची २५ ची गोळी सुरू केली, सकाळी उपाशीपोटी. ही टेस्ट मला तीनशे रुपयांत झाली. साडेसतरा हजाराच्या टेस्टने फक्त माहिती दिली, तीनशेच्या टेस्टने काहीतरी सुधारता आलं. मी कोणाला एकच टेस्ट करायला सांगू शकत असेन तर ही सांगीन. दुसरी, हिमोग्लोबिन, आणि आपल्याकडे शाकाहारी घरं भरपूर, तर बी१२ पण. तिसरी, शहादा, तळोदा, धडगाव, इकडे यावल, चोपड्याच्या सातपुड्याकडच्या बहिणींनी सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार), नवरा बायको दोघांनी, कारण नेहमीच्या एनआयपीटीत सिकलसेल दिसत नाही. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे यातल्या बऱ्याच गोष्टी विचारता येतात. आणि फॉलिक अ‍ॅसिड तर दिवस राहायच्या आधीपासून, ४०० मायक्रोग्रॅम, कारण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते, तेव्हा अर्ध्या जणींना माहीतच नसतं की आपण गरोदर आहोत. ती नळी नीट मिटली नाही तर एनआयपीटीत ते येत नाही, त्यासाठी पंधराव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातलं एएफपी नावाचं प्रथिन बघतात आणि तोच अ‍ॅनोमली स्कॅन.

एक नाजूक विषय आहे पण लिहिते. आमच्या नात्यातल्या एकांनी विचारलंच, रक्ताच्या टेस्टमध्ये कळतं म्हणे मुलगा की मुलगी, बघ ना विचारून. कळू शकतं, हे खरं आहे, १९९७ ला लो यांनी हे तंत्र सिद्ध केलं तेच मुळी मुलगा पोटात असलेल्या आयांच्या रक्तात वाय क्रोमोसोमचा डीएनए शोधून. म्हणूनच आपल्याकडे लॅब ते सांगत नाही, रिपोर्टमध्ये ती ओळच नसते, आणि सुरवातीलाच सही घेतात की मी विचारणार नाही. गर्भलिंग निदानावर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने सांगणारा डॉक्टर पण अडकतो आणि विचारायला लावणारे घरचे पण, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड डॉक्टरला दहा हजारांपर्यंत, विचारायला लावणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत. आणि आपल्या जळगाव जिल्ह्याने तर तोंड वर करून हा प्रश्न विचारू नये, २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे साडेआठशे मुली पण नव्हत्या. त्या नातेवाईकांना मी हे सगळं समोर बसून सांगितलं, चहा दिला आणि विषय बंद केला. सेंटरने या बाबतीत अजिबात ढिलाई दाखवली नाही, आधार कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी, सही, सगळं काटेकोर. त्याचा एक पूर्ण स्टार.

कोणी करावी? वय पस्तीसच्या पुढे, डबल मार्करमध्ये मधली किंवा वाढलेली रिस्क, आधीच्या बाळाला क्रोमोसोमचा त्रास, किंवा मनाला फारच घोर लागलाय आणि पैसे आहेत, तर करा, बेसिक करा, दहा आठवड्यांनंतर आणि फार उशीर न करता, म्हणजे काही आलं तर अ‍ॅम्निओला आणि विचार करायला वेळ राहतो. एनटीमध्ये मानेमागचं पाणी खूप जास्त दिसलं असेल तर मात्र डॉक्टर थेट अ‍ॅम्निओ सांगू शकतात, तेव्हा एनआयपीटीचा हट्ट धरू नका. पंचविशीतली मुलगी, डबल मार्कर एकदम लो, घरात पैशाची ओढाताण, अशी असेल तर हे साडेसतरा हजार अ‍ॅनोमली स्कॅन, गोळ्या, दूध, डाळी आणि बाळंतपणासाठी ठेवा. कर्ज काढून तर नकोच. मेंदूसाठी म्हणून तर मुळीच नको.

मी लॅबला मेल केलाय, दोन मागण्या: त्या कार्डावरचा मेंदू काढा, आणि रिपोर्टचं पहिलं पान मराठीत द्या, त्यात लो रिस्क म्हणजे काय आणि ही टेस्ट काय काय बघत नाही ते मोठ्या अक्षरात लिहा. उत्तर आलंय की वरच्या टीमकडे पाठवलंय. सेंटरच्या मॅनेजरने मात्र काउंटरवरून ते कार्ड काढलं, मागच्या आठवड्यात माझी जाऊ तिथे थायरॉईडला गेली होती, तिने सांगितलं.